तळटीप : परस्परांची उन्नती

ख्रिस्ती परिभाषेत उन्नती म्हणजे खचलेल्याला धीर देऊन श्रद्धेत बळकट करणे. पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:११) हे प्रत्येक विश्वासणाऱ्याचे कर्तव्य ठरते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ते मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या समुदायाच्या, सीमेबाहेरही पाळले : जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही उपाधी मिळालेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना त्यांनी अहमदनगरच्या आपल्या घरी पुत्रवत सांभाळले, आणि ठोमरे हिंदूच राहिले तरी त्या मायेत काही उणे पडले नाही, ही गोष्ट विशेष मोलाची आहे. पत्नी लक्ष्मीबाईंच्या शिक्षणाचा आग्रहही टिळकांचाच. त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरील महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच सिद्धीस नेले.