पेटी, वीणा आणि १५५० सालचा एक प्रॉब्लेम

मंडळी, पेटीवरचा वाद तुमच्या कानावर आलेला असेलच. पेटी परकी, तिच्यात सूर बाराच, आपल्याकडे श्रुती बावीस, म्हणून साहेबाच्या पेटीने आपलं गाणं बिघडवलं, असा तो वाद. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला स्टुडिओबाहेर काढलं ते बरंचसं ह्याच मुद्द्यांवर. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं.

ह्यातला अर्धा भाग खरा आहे. पण बारा हा आकडा पेटीबरोबर बोटीतून आलेला नाही. आपल्याच पंडितांनी, आपल्याच वाद्यावर, सोळाव्या शतकात तो मान्य केला. आणि गंमत म्हणजे त्याच काळात युरोपातले पंडितही त्याच दगडाला ठेचकाळत होते.

आधी दगड कुठला ते बघू. सा पासून पंचम घ्या: दीडपट. त्या पंचमाचा पंचम घ्या: पुन्हा दीडपट. असं बारा वेळा केलं की सगळे सूर फिरून आपण परत सा वर यायला हवं. कॅल्क्युलेटर काढा. दीडाचा बारावा घात येतो १२९.७४६. सात सप्तकं वरचा सा म्हणजे दोनाचा सातवा घात, १२८. जमत नाही! सव्वा टक्क्याहून थोडी जास्त चूक उरते. हा बग नाही, गणितच तसं आहे. दीडाचे घात कधीही दोनाच्या घातांवर बसणार नाहीत. प्रश्न एवढाच की उरलेली चूक ठेवायची कुठे?

गळ्याला हा प्रश्न पडत नाही. पडदे असलेल्या वाद्याला पडतो, कारण पडदा एकदा बसला की बसला.

आता आमच्या शेजारून सुरुवात करतो. जालन्याहून पाऊणशे किलोमीटरवर देवगिरी. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. पेशाने राज्याचा हिशोब सांभाळणारा अधिकारी, मूळ घराणं काश्मीरचं. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. बावीस श्रुती दाखवायला त्याने प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा सांगितल्या, एक अचल आणि एक चल. हिशोबनीसाला शोभेल असाच प्रकार! पण ही झाली प्रयोगशाळा. मैफलीत कोण बावीस तारा घेऊन बसणार?

तीनशे वर्षांनी, १५५० मध्ये, विजयनगरात रामराजाच्या आश्रयाने रामामात्याने 'स्वरमेलकलानिधी' लिहिला. (हाच रामराजा १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत मारला गेला.) रामामात्याचा प्रश्न थेट वादकाचा होता. प्रत्येक रागासाठी पडदे सरकवायचे, की एकदाच असे बसवायचे की सगळे राग त्याच वीणेवर वाजावेत? तो दोन्ही प्रकारच्या वीणा सांगतो. सगळ्या रागांच्या वीणेसाठी त्याने तारा लावल्या सा, प, सा, म अशा, आणि खाली सहा पडदे. एकच पडदा प्रत्येक तारेवर वेगळा सूर देतो, आणि एका तारेवरचा सूर दुसरीवरच्या त्याच सुराशी जुळायला हवा. म्हणजे पडदे मनाला येतील तिथे ठेवता येत नाहीत, तारा एकमेकींना तपासतात. असे सूर स्वयंभू आहेत, माणसाच्या लहरीचे नव्हेत, असं त्याचं म्हणणं.

आणि मग तो एक तडजोड करतो, मला ती फार आवडते. अंतर गांधार आणि काकली निषाद हे सूर शास्त्रात आहेत, पण त्यांचे वेगळे पडदे घातले तर वीणेवर दाटी होते. तेव्हा शेजारचा जरासा चढा सूर त्यांचा 'प्रतिनिधी' मानावा! शास्त्रात चौदा सूर, पडद्यांवर बारा. स्पेसिफिकेशन एक आणि इम्प्लिमेंटेशन एक, हे आपल्या धंद्यातच घडतं असं नाही.

हा विचार उत्तरेकडे आला तो आपल्या खानदेशातून. पुंडरीक विठ्ठल मूळचा कर्नाटकातला. तो फारुकी घराण्यातल्या बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला गेला आणि तिथे त्याने 'सद्रागचंद्रोदय' लिहिला. फारुकींचं बुऱ्हाणपूर म्हणजे आमच्याकडून भोकरदनवरून अजिंठ्याचा घाट उतरून पुढे. नंतर तो कछवाह्यांकडे आणि अकबराच्या वर्तुळात पोचला. त्याची 'रागमाला' १५७६ ची. 'रागमंजरी'त तर तो इराणी रागही आपल्या रागांशेजारी बसवतो. पडद्यांवर राग मावले की परका आणि आपला हा भेद तितका कडक राहत नाही, हे त्याला कळलं होतं.

त्याच वेळी युरोपात काय चाललं होतं? १५५८ मध्ये व्हेनिसला झार्लिनोचा मोठा ग्रंथ आला. त्याच्या मते गोड गांधार म्हणजे सा च्या सव्वापट, बरोब्बर. १५८१ मध्ये त्याचाच शिष्य विंचेंझो गॅलिली (दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील) गुरूवर उलटला. ल्यूटचे पडदे प्रत्येक वेळी अठराला सतरा ह्या प्रमाणात बसवा, म्हणाला. बारा वेळा केलं तर दोनाऐवजी १.९८५६ येतं. चालतंय की! १५८४ मध्ये चीनच्या मिंग घराण्यातल्या राजपुत्र चू त्साय-यूने नेमकं उत्तर काढलं: दोनाचं बारावं मूळ.

तर फरक कुठे पडला? तिकडे चार-पाच आवाज एका वेळी वेगवेगळे सूर गातात. त्यातला एक बेसूर झाला की सगळी इमारत कलते, आणि ल्यूटवर एकदम पाच तारा वाजत असताना एकेक सूर दुरुस्त करायला बोट मोकळं नसतं. म्हणून चूक आधीच सगळ्या सुरांत वाटून टाकायची. आपल्याकडे एका वेळी एक सूर, आणि खाली सा चालूच. पडदा फक्त जागा दाखवतो. शेवटचं बारीक काम वादकाचं बोट तार ओढून, मींड घेऊन, त्याच क्षणी करतं. बारा दोघांनीही घेतले. त्यांनी चूक वाद्यात मुरवली, आपण ती बोटावर सोडली.

म्हणून मला वाटतं की पेटीचा दोष बारा पट्ट्या हा नाही. पट्टी ओढता येत नाही, हा आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी आणि क्लेमेंट्स नावाच्या न्यायाधीशाने शंभर वर्षांपूर्वी जास्त सुरांची श्रुती-पेटी करवून घेतली, १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिची परीक्षाही झाली, पण ती काही टिकली नाही. पट्ट्या वाढवून बोट परत मिळत नाही.

आमच्या जिल्ह्यात कुठल्याही गावच्या सप्ताहात जा. मंडपात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पहारे बदलतात पण वीणेकरी उभाच. शेजारी पेटी. हिशोबाला सोपा म्हणून सा २४० धरा. वीणेच्या तारेत लपलेला गांधार ३०० ला जुळतो. पेटीवरचा असतो ३०२.४ ला. रामामात्य आणि गॅलिली एकाच मांडवात!

आणि गाणारे बुवा? गांधारावर ठेहराव घेताना पेटीला सोडून ते हळूच वीणेकडे सरकतात. कुणी शिकवलेलं नसतं. पेटीवाला मुरलेला असेल तर त्या क्षणी तो पट्टीवरून बोट उचलतो. पेटी शिकणाऱ्यांनी एवढं एक त्याच्याकडून उचलावं, बंदीची गरज नाही.