लोखंडाला एक दिवस

मंडळी, बरेच दिवसांत इथे काही लिहिणे झाले नाही. भात झोडणीचे दिवस होते, आणि नंतर एक भानगड झाली. ती भानगडच आज सांगतो. घरच्या मंडळींना तिचा अर्धा भाग माहीत आहे. उरलेला अर्धा मी कुणाला सांगितलेला नव्हता.

धाकटा भाऊ गेल्यानंतर त्याची हत्यारे पडवीत तशीच पडून होती. त्याला सुतारकामाचा नाद. ड्रिल मशीन, ग्राइंडर, लाकूड कापायचा कटर, सगळे हौसेने घेतलेले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, गंजून जाण्यापेक्षा कुणाच्या हाताला लागू देत." मग नातीने मोबाइलवर फोटो काढून जुन्या वस्तूंच्या साइटवर ड्रिल मशीनची जाहिरात टाकली. "उत्तम स्थितीत, घरगुती वापर, किंमत १८०० रुपये." दोन तासांत फोन. पिरंगुटकडे फर्निचरचे काम करणारा एक तरुण होता. त्याने विचारले, "काका, मशीनला काही आहे का? असेल तर आत्ताच सांगा, मला उद्या साइटवर लागणार आहे." मी म्हणालो, "चालू आहे." त्याने तिथल्या तिथे यूपीआयने पैसे पाठवले आणि संध्याकाळी एक पोरगा येऊन पिशवीत घालून मशीन घेऊन गेला. लावून पाहिलेही नाही.

तिसऱ्या दिवशी फोन. मशीनमधून धूर येतो, वास येतो, पैसे परत द्या.

माझे पहिले उत्तर काय असावे? "तुम्ही काँक्रीटमध्ये दामटून चालवले असेल." तेही चढ्या आवाजात. नात समोर बसलेली. शेजारचे एक गृहस्थ ओट्यावर होते, त्यांनी भर घातली, "परत घेऊ नका गुरुजी. आतले आर्मेचर काढून घेतात, जळके घालून आणून देतात. नंबर लिहून ठेवलाय का?" नव्हता लिहून ठेवला. म्हणजे त्याने आणलेले मशीन आपलेच की दुसरे, हे सांगायलाही माझ्याकडे काही नव्हते.

असो. शाळामास्तराची खोड अशी की भांडण झाले की तो पुस्तकाकडे जातो. विकलेली वस्तू परत किती दिवसांत करता येते, हा प्रश्न काही मोबाइलबरोबर जन्मलेला नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात व्यवहारावरचा, म्हणजे कोर्टकज्ज्यांवरचा, सगळा भाग आहे. त्यात 'क्रयविक्रयानुशय' हे वादाचे एक स्वतंत्र पद म्हणून येते. अनुशय म्हणजे पस्तावा. घेऊन पस्तावला किंवा विकून पस्तावला, तर काय करायचे? मनूने सरसकट दहा दिवस दिले आहेत. कौटिल्याने माणूस पाहून मुदत ठरवली. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. व्यापाऱ्याला सगळ्यांत कमी, कारण माल ओळखणे हा त्याचा धंदाच. हे मला फार आवडले.

याज्ञवल्क्याने मात्र वस्तू पाहून मुदत ठरवली. बियाणे दहा दिवस, कारण उगवते की नाही ते कळायला तेवढे लागतात. ओढकामाचे जनावर पाच दिवस, दुभते तीन, रत्न सात. त्याच यादीत दास आणि दासीही आहेत, अर्ध्या महिन्याच्या आणि महिन्याच्या मुदतीने. बैलाच्या आणि बियाण्याच्या ओळीत माणसे बसवलेली वाचताना घास अडकतो. जुन्या ग्रंथांचा गौरव करताना आपण ही ओळ गाळतो. मी गाळत नाही. आणि त्या यादीत लोखंडही आहे. लोखंडाला एक दिवस.

म्हणजे याज्ञवल्क्याच्या हिशेबाने मी सुटलो होतो! तिसऱ्या दिवशी आलेली तक्रार, मुदत संपलेली. नारदाने तर आकडेमोडच दिली आहे. घेतलेला माल त्याच दिवशी धड परत केला तर पूर्ण पैसे; दुसऱ्या दिवशी तिसावा हिस्सा कापायचा; तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट; त्यानंतर माल घेणाऱ्याचा. १८०० चा तिसावा हिस्सा ६०, दुप्पट १२०. मी कागदावर मांडून पाहिले, हसू नका. पण हा हिशेब मन बदललेल्या गिऱ्हाइकासाठी आहे, माल खोटा निघाला तर नाही. दोष लपवून विकणाऱ्याला स्मृतिकार दंड सांगतात. ते पान मी जरा भरभर उलटले.

आमच्या लहानपणी मुळशीत वापरलेले हत्यार अनोळखी माणसाला विकायचा प्रसंगच कुठे यायचा? सुताराची पटाशी, वाकस, गिरमीट बापाकडून मुलाकडे जायची. विकला जायचा तो बैल. वडिलांनी एकदा चाकणच्या बाजारातून बैल आणला, मी बरोबर होतो. दलाल उपरण्याखाली बोटे दाबून भाव करत होता, मला काही कळेना. वडिलांनी दात पाहिले, खांदा पाहिला, शेपटी पिळून पाहिली. मग विसार दिला आणि बोली झाली. आठ दिवस जुंपून बघा. मारका निघाला, बसका निघाला, तर परत आणा. पण पाय मोडला तर तुमचा. दोन माणसे साक्षीला. कागद नाही. त्या आठ दिवसांत वडील बैलाला अशा जपणुकीने वागवत होते की आई म्हणाली, "पाहुणा आलाय का बैल?" बोली मोडली तर पुढच्या बाजारात तोंड कसे दाखवायचे, हा धाक दोघांनाही होता.

पुण्याच्या जुन्या बाजाराची गोष्ट वेगळी. बुधवार-रविवारी भरणारा तो बाजार आम्ही कॉलेजात असताना पालथा घालायचो. पाने, पक्कड, मोटारी, रेडिओ, काय वाटेल ते. तिथे विकणारा दोष सांगत नसे आणि गिऱ्हाईकही विचारत नसे. उचलले की तुझे. हाताने तोलून, कानाला लावून, वास घेऊन बघायचे. फसलो तर आपल्या अकलेला बोल. पण वस्तू हातात घेऊन बघता यायची, एवढे तरी होते.

माझा एक पुतण्या शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, घाबरू नका, तुम्ही सुटलात." त्याने समजावले ते असे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखाली २०२० साली आलेले ई-कॉमर्सचे नियम धंदा म्हणून विकणाऱ्यांसाठी आहेत. एखादी व्यक्ती आपली वस्तू खासगी नात्याने विकत असेल, नियमित धंदा म्हणून नाही, तर ते नियम तिला लागू नाहीत. मग उरतो १९३० चा मालविक्रीचा कायदा, आणि त्याचे मूळ तत्त्व हे की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. माल बऱ्या दर्जाचा असलाच पाहिजे, ही गृहीत धरलेली अट त्या मालाचा धंदा करणाऱ्यावर आहे, पेन्शनर मास्तरावर नाही.

गंमत बघा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा आम्ही तरुण मास्तर मंडळी भारावून गेलो होतो. ग्राहक राजा आहे, हे वाक्य वर्गात किती वेळा सांगितले असेल! १९८६ चा कायदा आला, २४ डिसेंबर ग्राहक दिन झाला, शाळेत निबंधस्पर्धा घेतल्या. त्या सगळ्या वर्षांत मी स्वतःला घेणाऱ्याच्याच बाजूला धरत आलो. विकणारा म्हणजे वजनात मारणारा, भेसळ करणारा, तो दुसरा कोणीतरी. सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा विकणारा झालो आणि पहिल्याच व्यवहारात पळवाट शोधत पुतण्याला फोन लावला.

पुतण्याने फोन ठेवण्याआधी सहज विचारले, "तुम्ही त्याला काय म्हणालात, काका? नेमके शब्द?"

इथे तो दुसरा अर्धा भाग येतो. भाऊ आजारी पडण्याच्या आधी मी एकदा ते मशीन भिंतीला खुंट्या ठोकायला घेतले होते. तेव्हा तो म्हणाला होता, "दादा, दोन मिनिटांच्या वर चालवू नकोस, वास येतो त्याला." मला ते स्वच्छ आठवत होते. त्या तरुणाने "काही आहे का" विचारले तेव्हाही आठवत होते. आणि मी म्हणालो, चालू आहे. खोटे नाही बोललो. चालू होतेच.

पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, १८७२ च्या कराराच्या कायद्यात एक घोडा आहे. कलम १७ ची उदाहरणे. एकाने लिलावात सदोष घोडा विकला, दोष माहीत असून गप्प राहिला. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी विकणाऱ्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असे मी समजेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच. "तुमचा तिसरा घोडा आहे, काका," पुतण्या म्हणाला. "तुम्ही तर बोललात पण अर्धे."

दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेला तो घोडा पौडच्या माझ्या पडवीत येऊन उभा राहिला. कोर्टात हे टिकेल का, तो आधी तपासून घेऊ शकला असता असे मला म्हणता येईल का, यावर पुतण्या बरेच बोलला. मी ऐकत नव्हतो.

एक गोष्ट खरी की या व्यवहारात मधला माणूस नव्हता. बैलाला दलाल होता, साक्षी होते. इंटरनेटवर सुरुवातीला हे ओळखणारे लोक होते. आपल्याकडे बाझी डॉट कॉम होती, ती २००४ मध्ये ईबेने घेतली. त्यांची 'पैसापे' नावाची सोय होती. घेणाऱ्याचे पैसे आधी साइटकडे जायचे आणि मग विकणाऱ्याला मिळायचे. विसार तिसऱ्याच्या हातात ठेवावा तसेच. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने त्यावर जुने कॅमेरे विकल्याचे मला आठवते. ती ईबे इंडिया २०१८ साली बंद झाली. आता जुन्या वस्तूंचे सौदे बहुतेक फोनवर आणि पैसे यूपीआयवर, क्षणात एका खिशातून दुसऱ्या खिशात. सोय मोठी, पण मध्ये कोणीच थांबलेले नाही. (जाता जाता, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा, पिन टाका" असे कोणी म्हणाले तर फोन ठेवा. नातीने मला हे तीनदा सांगितले आहे, मी तुम्हाला एकदा सांगतो.)

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला फोन केला आणि पौडच्या रिवाइंडिंगच्या दुकानात बोलावले. तिथे दोघांच्या समोर मशीन उघडायचे ठरले. मशीन तेच होते. हँडलवर भावाने नावाचे आद्याक्षर कोरलेले होते. नंबर नव्हता लिहिला, पण अक्षर होते. मिस्त्रीने चार स्क्रू काढले. कार्बन ब्रश झिजून नखाएवढे राहिलेले, आणि ते ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग काळा ठिक्कर. मिस्त्री म्हणाला, "हे तीन दिवसांचे काम नाही गुरुजी, वर्षाचे आहे."

तो तरुण काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. मी म्हणालो, "मला माहीत होते. वास येतो हे माहीत होते, सांगितले नाही. आणि वर तुमच्यावर ओरडलो." त्याने माझ्याकडे पाहिले आणि मिस्त्रीला विचारले, "किती होतील?" ब्रश बदलून, तांबे घासून, साफसफाई धरून ४५० रुपये. आर्मेचर वाचले होते. मी सगळे पैसे परत देतो म्हणालो. तो म्हणाला, मशीन हवेच आहे, त्याशिवाय काम अडले आहे. मग दुरुस्तीचे ४५० मी दिले आणि त्याच्या बुडालेल्या दिवसाचे ३०० वर ठेवले. ते तो घेईना, मिस्त्रीने घ्यायला लावले. १९३० च्या कायद्यात दोषापोटी किमतीत तूट मागता येते असे कलम आहे, ते पुतण्याने नंतर सांगितले. आमच्या तिघांपैकी कोणालाही तेव्हा ते ठाऊक नव्हते.

घरी येऊन नातीला सगळे सांगितले. तिने विचारले, "मग आजोबा, तुम्ही त्या दिवशी ओरडलात का?" मी म्हणालो, माहीत होते म्हणूनच ओरडलो. ती काही म्हणाली नाही, ग्राइंडरची जाहिरात उघडून बसली. आता तिने मला शेजारी बसवून एकेक दोष विचारून लिहिला आहे. गार्डचा स्क्रू झिजलेला, नवा बसवल्याशिवाय चालवू नये. वायरला एका ठिकाणी टेप. बटण कधी कधी अडकते. खाली मशीनच्या नंबरचा फोटो, चालवून दाखवल्याचा व्हिडिओ, आणि "येऊन स्वतः लावून बघा, तीन दिवसांत परत आणता येईल." लोखंडाला एक दिवस पुरत नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले.

वहिनींनी वाचून पाहिले आणि म्हणाल्या, "भावजी, एवढे लिहिल्यावर कोण घेणार?" जाहिरात टाकून आज अकरा दिवस झाले. फोन एकही नाही. ग्राइंडर पडवीतच आहे, वहिनींनी त्यावर जुने धोतर झाकून ठेवले आहे.