वाशीमची चित्रशाळा



वाशीममध्ये पाहण्यासारखे काय, असे पाहुण्याने विचारताच आपण त्याला बालाजीच्या मंदिराकडे नेतो. ते योग्यच आहे. भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात उभारलेले ते मंदिर गावाची शोभा होय. परंतु या गावाची चित्रशाळा गावात नाही. ती अजिंठ्याच्या डोंगरात आहे!

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे बौद्ध भिक्षूंना अर्पण केले. तेथील शिलालेखात लेण्याच्या गवाक्षांचे, वीथींचे आणि अप्सरांच्या प्रतिमांचे वर्णन आहे.

ही शाखा पुढे विस्मरणात गेली. शिलालेखातील राजांची नावे झिजलेली, आणि पहिल्या अभ्यासकांनी ती चुकीची वाचली. १९३९ साली आपल्या वाशीमातच एक ताम्रपट मिळाला आणि गुंता सुटला. म. म. वा. वि. मिराशी यांनी सर्वसेन हा या शाखेचा मूळ पुरुष असल्याचे दाखविले. अजिंठ्याच्या लेखाचे त्यांचे नवे वाचन १९४१ मध्ये निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने प्रसिद्ध केले.

या खात्याचे संचालक होते जनाब गुलाम यझदानी. जन्म दिल्लीचा, १८८५ चा. अरबी-फारसी शिलालेखांचे ते गाढे अभ्यासक. अजिंठ्याच्या भिंतींवरील गिलावा तेव्हा सुटत चालला होता. १९२० नंतर इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून तो पक्का करण्यात आला. मेजर गिल यांनी काढलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये त्याच वाटेने गेल्या. म्हणून यझदानींनी छायाचित्रांचा आधार घेतला आणि १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरील चार खंड सिद्ध केले. पंचवीस वर्षे! १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. हैदराबादचे चित्रकार सय्यद अहमद यांनीही या चित्रांच्या नकला करण्यात उमेदीची वर्षे वेचली.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. आपली मुले प्राचीन इतिहासाचा धडा पुष्कळदा परक्याच्या घरची हकिकत म्हणून पाठ करतात, आणि आपणही त्यांना तसेच करू देतो. यझदानींना बुद्धाची चित्रे परकी वाटली नाहीत. मग ज्या वाशीममध्ये आपली घरे व कबरी आहेत, त्या गावच्या राजाचे नाव आपल्या मुलास का ठाऊक नसावे?

सहल अजिंठ्याला गेली तर सोळाव्या लेण्याच्या व्हरांड्याबाहेर, डाव्या टोकाच्या भिंतीकडे अवश्य पाहा. अक्षरे पुसट आहेत आणि बसवाला घाई करीलच. तरी घटकाभर थांबा, आणि भिंतीला हात लावू नका.