साष्टीची जलप्रदक्षिणा

श्रोतेहो, भिवंडी म्हटले की आज आपल्या कानांत मागांची खडखड येते, आणि डोळ्यांपुढे गोदामांच्या दारांत उभ्या राहिलेल्या ट्रकांची रांग येते. पण याच गावात बंदर मोहल्ला नावाची एक वस्ती आहे. समुद्र इथून कितीतरी कोस दूर, मग बंदर कुठले? शाळेतल्या मुलाने गुरुजींना हा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत सापडत नाही. ते सापडते पाण्यात. म्हणून आज आपण इतिहास वाचायचा तो होडीत बसून.

आपल्याबरोबर एक जोडपे घेऊ. त्याला नाव नको आणि जात नको. खाडीकाठी राहणारे, पाण्याची सवय असलेले, एक लहानशी होडी बाळगणारे कोणतेही नवरा-बायको समजा. भिवंडीहून निघायचे, ठाण्यावरून दक्षिणेला मुंबईस जायचे, मुंबईला वळसा घालून उत्तरेकडे वसई गाठायची आणि वसईच्या खाडीतून परत घरी यायचे. या सगळ्या वाटेत साष्टी बेट आपल्या उजव्या हाताला राहते. म्हणजे ही अगदी रीतसर प्रदक्षिणाच झाली म्हणा ना!

हे नुसते मनाचे खेळ नव्हेत, बरं का. उल्हास नदी समुद्राकडे येताना साष्टीच्या ईशान्य कोपऱ्याशी दुभंगते. तिचा मोठा प्रवाह पश्चिमेकडे वसईला जातो. दुसरी अरुंद वाट ठाण्याजवळून दक्षिणेला मुंबईच्या बंदरात उतरते. भिवंडीची कामवारी नदी याच वसईच्या खाडीला मिळते. साष्टीच्या चारी बाजूंना पाणी आहे, ते असे.

निघायचे कधी? पावसाळ्यात नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर किनाऱ्यावरच्या होड्या पुन्हा पाण्यात पडतात, तोच मुहूर्त. घड्याळाची गरज नाही, पंचांग पुरे. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशेब असा : तिथीच्या आकड्याला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे, येईल तितक्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला नि अमावास्येला बाराच्या सुमारास. नंतरची भरती साधारण साडेबारा तासांनी. खाडीत जितके आत जावे तितकी ती थोडी उशिरा पोचते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात अवश्य घालून पाहावे. मुले त्रैराशिक विसरतील, पण हे विसरणार नाहीत.

होडीत तांदूळ, सुकी मासळी, गोड्या पाण्याची मडकी, एक शीड, दोन वल्ही आणि नांगर. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने वल्हे मारायचे आणि पाणी उपसायचे. लहान होडीत दोघांपैकी एकाने हात आखडून बसलेले चालत नाही.

खाडीत आलो की डावीकडे, पाण्याच्या वरच्या अंगाला, कल्याण. ही आपल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर नाही. पण तिकडे मान वळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे पुस्तक आहे. त्यात कल्याणचा उल्लेख आहे. तो सांगतो की, पूर्वी हे बंदर रीतसर व्यापाराचे होते. पण पुढे ते दुसऱ्या राजाच्या हाती गेले आणि व्यापाराला अडथळा आला. चुकून तिथे गेलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. ध्यानात घ्या : पाणी होते, माल होता, व्यापारीही होते, पण वाट अडवणारा हात दुसऱ्याचा होता. आजच्या गोष्टीचे सूत्र हेच आहे, आणि ते दोन हजार वर्षांपूर्वीच दिसते.

त्याच कल्याणच्या व्यापाऱ्यांनी साष्टीतल्या कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिली. तिथल्या शिलालेखांत त्यांची नावे आहेत. काहींनी आपल्या बायकामुलांसह, सगळ्या कुटुंबाला पुण्य लागावे म्हणून दान दिलेले आहे. घरचा व्यवहार दोघांचा, तसे पुण्यही दोघांचे, ही समजूत त्या दगडात कोरलेली आहे.

आता सतराव्या शतकात या. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. डोंगरातल्या राज्याचे पाऊल प्रथमच खाडीच्या पाण्यात पडले. महाराजांनी काय केले? नुसता महसूल गोळा केला नाही. कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे नावा बांधायला घेतल्या. १६५९ च्या पोर्तुगीज कागदांत याची दखल आहे, आणि त्या कागदांत काळजीही आहे. कारण कल्याण-भिवंडीहून निघालेल्या नावेला समुद्रावर जायचे तर पोर्तुगीजांच्या वसईवरून किंवा ठाण्यावरूनच जावे लागणार. रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह महाराजांच्या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्याला फितवले आणि तो काम टाकून निघून गेला. तरी काम थांबले नाही. आपल्याच लोकांनी ते पुढे नेले. मराठी आरमाराचा पाळणा कोठे हलला, असे कोणी विचारले तर विजयदुर्ग-सिंधुदुर्गाच्या आधी आपल्या खाडीचे नाव घ्यावे लागेल.

चला, आपली होडी काल्हेर-कशेळीवरून ठाण्याशी आली. इथे पात्र अरुंद आणि उथळ. दोन्ही बाजूंनी, म्हणजे वसईकडून आणि मुंबईकडून, भरतीचे पाणी येते आणि याच भागात एकमेकांना भेटते. म्हणून भरती पुरी व्हायच्या वेळी हा टप्पा ओलांडायचा आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर मुंबईकडे उतरायचे. निसर्गाने केलेले हे दार. आणि दार म्हटले की दारवान आला!

इथले दारवान पोर्तुगीज. मुंबई बेट १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले, पण ठाणे पोर्तुगीजांकडेच राहिले. मुंबईहून मुलखात जाणाऱ्या मालावर ते ठाण्याला आणि उरणकडे करंजाला जकात घेत. इंग्रजांनी याबद्दल खूप कुरकुर केली. एवढे मोठे बंदर हाती असूनही घरामागच्या खाडीला दुसऱ्याचे कुलूप! मग आपल्या होडीतल्या जोडप्याची काय कथा? समुद्रावर तर पोर्तुगीजांचा परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत, जवळ नसेल तर गलबत धरले जाई.

हे कुलूप फोडण्याची खटपट भिवंडीच्या मातीतून झाली. भिवंडी तालुक्यातल्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी साष्टीच्या मोहिमेसाठी पेशव्यांकडे धरणे धरले, मुलखाची खडान्‌खडा माहिती दिली. खाडीला पाणी केव्हा असते, उतार कुठे, पहारा कुठे ढिला, हे पुण्याच्या सरदाराला कोण सांगणार? काठावर राहणाराच सांगणार. १६५७ मध्ये तलवार आधी आली नि पाणी मागून कळले; १७३७ मध्ये पाणी आधी कळले आणि मग तलवार चालली. त्या वर्षीच्या मार्च महिन्याअखेर मराठे रात्री खाडी ओलांडून गेले आणि ठाणे हाती आले. किल्ल्याचे बांधकाम तेव्हा अपुरेच होते. आज त्याच किल्ल्यात ठाण्याचा तुरुंग आहे.

ठाणे मागे टाकून आपण ओहोटीवर दक्षिणेला जातो. दोन्ही काठांना चिखल, तिवरे, मिठागरे. हिवाळ्यात इथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला. मग मुंबईचे बंदर, मग कुलाब्याचे टोक, आणि तिथून उघडा समुद्र. आता लहान होडीची खरी परीक्षा. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, त्यावर शीड उभारायचे. दुपारी खारा वारा वायव्येकडून तोंडावर येतो, तेव्हा एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकायचा. एका दिवसात दूर जाईन म्हणणारा इथे फसतो.

माहीमची खाडी लागली की थोडे थांबू. मुंबई आणि साष्टी यांच्यामध्ये इथे पाणी होते. होडीने पार व्हायचे, पावसाळ्यात जीव मुठीत धरून. सरकार पैसा घालीना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच : या वाटेवर जाणाऱ्याकडून जकात घ्यायची नाही. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. राजेलोकांनी शतकानुशतके पाण्यावर जकात बसवली आणि एका घरच्या बाईने स्वतःचे पैसे घालून ती नको म्हटले. आपल्या होडीतली बाई हे ऐकून मान डोलावील यात शंका नाही.

पुढे वेसावे, मनोरी, उत्तन. हे कोळ्यांचे किनारे. इथे पुरुष समुद्रावर जातो आणि आलेली मासळी बाई विकते. बाजाराचा भाव, उधारी, घरातला पैसा तिच्या हाती. जाळे एकाचे नि तराजू दुसऱ्याचा, म्हणून कोळ्याचा संसार चालतो.

उत्तनच्या पुढे धारावीची टेकडी आणि समोर वसई. या दोहोंच्या मधून खाडीचे तोंड. हीच ती किल्ली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि तेव्हापासून दोनशे वर्षे कल्याण-भिवंडीच्या प्रत्येक शिडाकडे या तटावरून पाहिले गेले. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसईइतकीच धारावीसाठी का झुंज झाली, ते नकाशावर कळत नाही, होडीतून कळते : एका काठावरचे दार उघडून भागत नाही, दोन्ही फळ्या हाती लागतात. मे १७३९ मध्ये सुरुंग, हल्ले नि पुष्कळ माणसे खर्ची पडल्यावर वसई पडली. शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ दिले. त्या दिवशी भिवंडीपासून समुद्रापर्यंतचे पाणी आपल्या माणसांच्या हाती आले.

किती काळ? फार नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. वसई मराठ्यांना परत मिळाली खरी, पण याच वसईत १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. १८१८ मध्ये पेशवाई गेली, आणि सगळी दारे नि सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात आल्या.

आता आपण भरतीबरोबर खाडीत शिरलो आहोत. उजवीकडे घोडबंदर आणि नागला बंदर, डावीकडे कामणचा डोंगर. नावांतली ही बंदरे मोजत चला. याच पाण्यावरून भात, गवत, लाकूड आणि सुकी मासळी मुंबईकडे जात असे. भिवंडीतल्या कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांची घरे या व्यापारावर उभी राहिली.

मग वाट बंद कोणी केली? कोणा शत्रूने नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल होऊन ती कल्याणला पोचली. भिवंडी त्या रुळांपासून बाजूला राहिली. पाण्याच्या वाटेला भरतीची वाट पाहावी लागते. आगगाडी कोणासाठी थांबत नाही. कुलूप निघाले, पण दाराचाच उपयोग उरला नाही. गाव मात्र मेले नाही. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग घातले, पुढे विसाव्या शतकात यंत्रमाग आले, आणि आग्रा रस्त्याने गाव पुन्हा मुंबईला जोडले गेले. पाण्याकडे तोंड असलेल्या गावाने पाण्याकडे पाठ फिरवली.

आणि पाठ फिरवलेल्या नदीचे काय होते, ते कामवारीच्या काठी उभे राहून पाहावे. सांडपाणी, रंगाचे पाणी, कचरा, गाळ. पूर्वी परक्याने वाट अडवली तेव्हा लोक चिडले, पुण्याला गेले, लढले. आज आपणच अडवतो तेव्हा कोणी चिडत नाही. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून १४५ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. २०२४ मध्ये वसई आणि भाईंदरच्या दरम्यान वाहने नेणारी बोटही सुरू झाली. या गोष्टी चांगल्या आहेत. पण कागदावरचा जलमार्ग आणि वाहते पाणी यांत अंतर असते, आणि ते काठावरच्या माणसांनीच भरून काढायचे असते.

शिक्षकबंधूंना एक विनंती. आपल्या गावाजवळ खाडी किंवा नदी असेल तर मुलांना एकदा तिथे घेऊन जा. गावातल्या वयस्कर माणसांना, आणि विशेषतः बायांना, विचारा : कुठे होड्या लागत, कोणता माल उतरे, त्या जागेला काय नाव होते? सगळे वहीत लिहून घ्या. सनावळी पुस्तकातून मिळतील, पण धक्क्याचे नाव आणि उताराची जागा ही ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्याबरोबरच जाते. अंजूरच्या नाईकांजवळ फौज नव्हती. त्यांच्याजवळ होती ती आपल्या पाण्याची माहिती आणि ते आपले आहे ही खात्री. तेवढ्यावर त्यांनी पुण्याला हलवले. ती खात्री आपल्या मुलांना वाटावी, इतके झाले तरी ही प्रदक्षिणा फळाला आली असे म्हणावे.