पुराची वर्दी

शहराला पुराचा इशारा देण्याची पद्धत नदीची उंची मोजण्यातून निघाली. कैरोतील रोडा बेटावर इसवी सन 861 मध्ये बांधलेला नाईलमापक आजही उभा आहे. खोल विहिरीत मधोमध संगमरवरी खांब आणि त्यावर हाताच्या मापाच्या खुणा, अशी त्याची रचना. पाणी किती हात चढले त्यावर शेतसारा ठरे आणि रोजची वाढ शहरात दवंडीने कळवली जाई. मात्र पाणी आज कुठे आहे एवढेच त्यातून कळे. उद्या ते कुठे असेल हे सांगायचे तर शहरापासून दूर, नदीच्या वरच्या अंगाला मोजायला हवे आणि मोजलेला आकडा पाण्याच्या आधी शहरात यायला हवा.

तारयंत्र आल्यावर हे जमले. 1854 मध्ये फ्रान्समध्ये सेन नदीच्या खोऱ्यासाठी जलमापन सेवा सुरू झाली. तिचा प्रमुख यूजेन बेलग्राँ हा अभियंता. खोऱ्यातल्या मोर्वाँ या डोंगराळ भागाच्या ग्रॅनाइटवर पडलेला पाऊस मुरत नाही, तो लगेच उपनद्यांना येतो. चुनखडीच्या प्रदेशात तो आधी जमिनीत उतरतो आणि सावकाश बाहेर पडतो, हे त्याने ताडले. मग वरच्या उपनद्यांची वाढ आणि नंतर पॅरिसमध्ये होणारी वाढ यांचा संबंध त्याने नोंदींवरून बसवला. पावसाच्या पाण्याला खोऱ्यातून शहरापर्यंत यायला जो वेळ लागतो, त्या वेळेतच इशारा देता येतो, ही या शास्त्राची पायाभूत कल्पना येथे पक्की झाली.

भारतात शास्त्रीय पूर-पूर्वानुमान नोव्हेंबर 1958 मध्ये सुरू झाले, तेही दिल्लीत यमुनेसाठी. डोंगरातून सपाटीवर उतरणाऱ्या यमुनेचे पाणी पूर्वी ताजेवाला येथे मोजले जाई आणि आता हथिनीकुंडच्या बंधाऱ्यावर मोजले जाते. तेथून सुटलेले पाणी दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापर्यंत यायला साधारण दोन-तीन दिवस घेते. पुलापाशी 205.33 मीटर ही धोक्याची पातळी मानतात. जुलै 2023 मध्ये पाणी 208.66 मीटरपर्यंत चढले आणि 1978 चा विक्रम मागे पडला. केंद्रीय जल आयोग आज देशात तीनशेहून अधिक ठिकाणांसाठी असे अंदाज देतो.

महाराष्ट्रात ही पद्धत सांगली-कोल्हापूरच्या लोकांच्या अंगवळणी पडली आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची 40 आणि 45 फूट. पावसाळ्यात घराघरांत हे आकडे बोलले जातात. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाखालचे पाणी 57 फुटांवर गेले.

मुंबईला मात्र ही विद्या अपुरी होती. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम 18 किलोमीटर वाहते. वरच्या अंगाला माणूस बसवून पाण्याची वाट पाहावी इतके अंतरच नाही. शहरातले पाणी आभाळातून थेट पडते आणि भरतीच्या वेळी समुद्र ते बाहेर जाऊ देत नाही. पर्जन्यजलवाहिन्या ब्रिटिश काळातल्या, तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या. क्षमता 50 मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस पर्जन्यजलाच्या निचऱ्यावरील 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात होती, पण काम रेंगाळले. पुढे जे घडले त्याची तीव्रता या दिरंगाईला जोडल्यावाचून समजत नाही.

26 जुलै 2005 रोजी दुपारी अडीचच्या सुमारास उपनगरांत पाऊस कोसळू लागला. सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर नोंदला गेला. एका तासात तर 190 मिलिमीटरहून अधिक. ऐन पावसात भरती होती. त्याच 24 तासांत कुलाब्याला पडला 73 मिलिमीटर. दक्षिण मुंबईत बसलेल्या कुणालाही बाहेर काय चालले आहे याचा अंदाज येणे कठीण होते, कारण शहराचा पाऊस सांगणारी अधिकृत केंद्रे ही दोनच. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली.

चौकशीसाठी राज्य सरकारने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल 2006 मध्ये आला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात महापालिकेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने 35 स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली, बरीचशी अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर. तिथे रात्रंदिवस माणसे असतात, म्हणून ही जागा फार विचारपूर्वक निवडलेली म्हणावी लागेल. या यंत्रातल्या दोन लहान वाट्या सी-सॉसारख्या जोडलेल्या असतात. एक ठरावीक मापाने भरली की कलंडते आणि दुसरी नळीखाली येते. प्रत्येक कलंडण्याची विजेवर नोंद होते. मूळ कल्पना सतराव्या शतकातल्या क्रिस्टोफर रेनची, ज्याने पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल उभारले. मुंबईत या नोंदी दर 15 मिनिटांनी आपत्कालीन नियंत्रण कक्षात येऊ लागल्या आणि कुठल्या भागात पाऊस वाढतो आहे हे तिथे बसून दिसू लागले.

तरीही पडलेला पाऊस मोजणे म्हणजे पूर सुरू झाल्यावर कळणे. पडण्याआधी सांगायचे तर हवामानाचे संगणकीय अंदाज, जमिनीचा चढउतार, नाले, तलाव आणि भरती एकाच गणितात आणावी लागतात. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी उभारलेली ‘आयफ्लोज-मुंबई’ ही यंत्रणा 12 जून 2020 रोजी सुरू झाली. त्याआधी अशीच यंत्रणा चेन्नईसाठी तयार झाली होती. मिठी, दहिसर, ओशिवरा, पोयसर आणि उल्हास या नद्या तिच्या गणितात आहेत. किती पाऊस पडेल याचा अंदाज घेऊन ती कुठल्या सखल भागात किती पाणी साचेल हे सुमारे 6 ते 72 तास आधी वर्तवते, आणि तिथली वस्ती, रस्ते व इमारती यांवर होणारा परिणामही दाखवते. 2022 मध्ये मुंबईतच वेरावली येथे पाऊस टिपणारे दुसरे डॉप्लर रडार सुरू झाले, त्यामुळे कुलाब्याच्या रडारला जोड मिळाली.

प्रत्यक्ष माणसे हलवण्याचा निर्णय मात्र मिठीच्या पातळीवर अवलंबून असतो. 19 ऑगस्ट 2025 रोजी ती 3.9 मीटरच्या आसपास पोहोचली, तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील शेकडो रहिवाशांना सुरक्षित जागी नेण्यात आले.