दस्ता कोणाच्या मापाचा?

लासलगावहून येवल्याकडे जाताना विंचूर लागते. चौफुलीवर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग असते. गावात शिरल्यावर मात्र विंचूरकरांच्या वाड्यासमोर पाय थांबतात. पेशवाईतले मातब्बर सरदार विठ्ठल शिवदेव यांचे हे ठाणे. मूळ आडनाव दाणी, पुढे जहागिरीच्या गावावरून विंचूरकर. मी या वाड्यासमोर अनेकदा उभा राहिलो आहे आणि दर वेळी मनात पानिपतच आले आहे. गेल्या खेपेला मात्र एका लाकडाच्या तुकड्याचा विचार आला. बंदुकीच्या मागच्या, खांद्याला टेकणाऱ्या भागाचा, म्हणजे दस्त्याचा.

याला कारण माझ्या उजव्या खांद्यावरची एक जुनी आठवण. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात पहिल्यांदा थ्री-नॉट-थ्री हातात आली. मी अंगाने किरकोळ, उंची बेताची. पाच गोळ्या झाडल्या आणि दंडावर जांभळा डाग घेऊन तंबूत परतलो. लक्ष्यावर एकही खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मला बाजूला घेतले. "कोपर वाकव," म्हणाले. दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवून त्यांनी माझे बोट चापाकडे नेले. बोट पोचेना. "तुझी चूक नाही पोरा, बंदूक लांब आहे," एवढेच बोलून त्यांनी दुसरी रायफल आणून दिली. तिचा दस्ता अर्धा इंच आखूड होता. त्या दिवशी पाचांपैकी तीन गोळ्या लक्ष्यात गेल्या.

त्या अर्ध्या इंचामागे मोठा इतिहास आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

दस्ता म्हणजे नुसती मूठ नव्हे. बार उडाला की बंदूक मागे येते. तो धक्का खांद्याच्या खळग्यात मुरवणे हे दस्त्याचे पहिले काम. आणि दर वेळी डोळा नेमक्या त्याच जागी, नळीच्या रेषेत आणून ठेवणे हे दुसरे. दस्ता लांब असला तर तो खळग्यात न बसता दंडावर सरकतो. आखूड असला तर धक्क्यासरशी अंगठा नाकावर येतो. घोड्यावर बसलेल्या माणसाला तर लांब बंदूक मानेभोवती फिरवताही येत नाही. म्हणून स्वारासाठी आखूड बंदूक निघाली. त्या युरोपीय नावाचे मराठीत 'कडाबीन' झाले आणि आज आपण 'कार्बाइन' म्हणतो.

मराठी फौजेतली जुनी बंदूक तोड्याची. पेटती वात कानावरच्या दारूला लागायची, मग बार. तिचा दस्ता पातळ आणि सरळ असे, खांद्याला टेकायला रुंद पाया नसे. नळी लाकडाला तारेने किंवा पट्ट्यांनी बांधलेली असे. बैठक मारून, आडोसा धरून, वेळ घेऊन नेम धरणाऱ्या पायदळाला ती सोयीची होती. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात ती लांब नळी आणि शिवाय जळती वात सांभाळत दौडणाऱ्याची मात्र तारांबळ. म्हणून स्वाराचा भरवसा भाल्यावर आणि तलवारीवर राहिला.

वायव्येकडच्या अफगाण मुलखात 'जझाईल' वापरात होती. तिचा दस्ता विळ्यासारखा वाकलेला असे. तो काखेत दाबून धरता येई, असे त्याच्या वळणाचे कारण सांगितले जाते. उंटावरच्या जंबुरकाची तर गोष्टच वेगळी. ही छोटी तोफ खोगिराला फिरत्या खुंट्यावर बसवलेली असे. तिचा धक्का उंटाच्या पाठीने सोसायचा, म्हणजे जनावर हाच तिचा दस्ता!

आता १४ जानेवारी १७६१ कडे जाऊ. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण रोहिल्यांवर चालून गेली. तिच्या बाजूला दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव यांचे घोडदळ होते. गोलाची शिस्त अशी की घोडदळाने गारद्यांना धरून राहायचे. पण दोघांच्या स्वारांनी जागा सोडली आणि रोहिल्यांवर घोडी घातली. जमिनीवर पाय रोवून उभ्या असलेल्या रोहिला बंदूकवाल्यांनी त्यांना टिपले. घोडदळ मागे फिरले आणि गारद्यांची बाजू उघडी पडली. विठ्ठल शिवदेव त्या संहारातून जिवंत परतले, पण घाई केल्याचा ठपका त्यांच्या नावाला कायमचा चिकटला.

विंचुरात उभे राहून हा ठपका वाचताना मला नेहमी अडखळायला होते. शिस्त मोडली हे खरे; त्याला सबब नाही. पण हातात फक्त भाला-तलवार असलेल्या स्वाराने गोळीबार चालू असताना जागेवर थांबून नेमके काय करायचे होते? त्याचे हत्यार शत्रूच्या अंगाला भिडल्याशिवाय चालत नाही. थांबून लढायला थांबून वापरायचे हत्यार लागते. घोड्यावरच्या माणसाच्या मापाचे असे हत्यार त्या स्वारांपाशी नव्हते. पानिपताचा निकाल एका लाकडाने लागला असे मी म्हणत नाही. उपासमार, रसद, थंडी, राजकारण ही कारणे मोठी आहेत. पण गारदी आणि विंचूरकर यांच्यात त्या दिवशी जी फट पडली, तिच्यात शिस्तीइतकाच हत्यारांचा फरक होता, असे माझे मत आहे.

हा प्रश्न कंपनी सरकारने वेगळ्या वाटेने सोडवला. पायदळाला ३९ इंची नळीची चकमकीची बंदूक, घोडदळाला आखूड कडाबीन. कडाबिनीच्या बाजूला लोखंडी सळई आणि कडी असे. छातीवरच्या पट्ट्याच्या आकड्यात ती अडकवली की दौडताना हात मोकळे राहत. पुढे ठासणीचा गजही नळीला बिजागरीने जोडला गेला, म्हणजे घोड्यावर बार भरताना तो हातातून पडू नये. स्वाराच्या अडचणींचा विचार लोखंडात उतरला होता. दस्ता मात्र एका ठरावीक मापाचा. शिपायाने त्याच्याशी जमवून घ्यायचे.

ही रीत बदलली ली-एनफिल्ड रायफलीने, म्हणजे माझ्या थ्री-नॉट-थ्रीने. तिच्या दस्त्याचे मागचे लाकूड पुढच्या लाकडापासून वेगळे असते आणि आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टाने घट्ट बसते. त्यामुळे तेवढाच भाग बदलता येतो. त्यात चार मापे होती: लांब, नेहमीचे, आखूड आणि सगळ्यात छोटे 'बँटम'. प्रत्येकात अर्ध्या इंचाचा फरक, आणि लाकडावर मापाचे अक्षर ठोकलेले. चपला निवडाव्यात तसा दस्ता निवडायचा. साम्राज्याच्या फौजेत पंजाबी होते, गुरखे होते, आमचे सह्याद्रीतले मावळेही होते. एकच माप सगळ्यांना बसत नाही, एवढे तरी कारखान्याने मान्य केले होते.

दस्त्याची आणखी एक कहाणी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १० जुलै १९४४, इटलीतले टायबर नदीचे वरचे खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. पुढे मॅगझिन बदलायला सवड नव्हती. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी संपवले. मग त्यांना गोळ्या लागल्या आणि त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गोळ्या सरल्यावर त्या मराठी हातात बंदुकीची गदा झाली होती.

त्याच महायुद्धात दस्ता दुमडूही लागला. विमानातून उडी मारणाऱ्या अमेरिकी सैनिकांसाठी १९४२ मध्ये घडीच्या दस्त्याची कार्बाइन निघाली. आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात तयार झालेली नऊ मिलिमीटरची कार्बाइन अनेक वाचकांनी बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावर पाहिली असेल. तिचा लोखंडी दस्ता नळीखाली दुमडून बसतो. पण घडी घालणे वेगळे आणि माप जुळवणे वेगळे. उघडल्यावर तो सगळ्यांना तेवढाच लांब. आताच्या कार्बाइनींवर पुढे-मागे सरकून खाचेत बसणारा दस्ता असतो. याची गरज नुसत्या उंचीमुळे नाही. चिलखती जाकीट घातले की छाती जाड होते आणि कालपर्यंत बरोबर बसणारा दस्ता आज लांब वाटू लागतो. अमेठीजवळच्या कोरव्यात बनणाऱ्या एके-२०३ चा दस्ताही असा सरकतो. निवडताना कसोट्या जुन्याच: खाचेत पक्का बसतो का, लगडत नाही ना, गाल टेकवला की डोळा आपसूक रेषेत येतो का, आणि बोट ताणावे न लागता चापाशी पोचते का. माझ्या उस्तादांनी कोपराच्या खोबणीत जे मोजले, तेच आता बटण दाबून मोजतात.

अडीच शतकांत चाकोरी उलटी फिरली. आधी माणसाला हत्याराच्या मापात बसवले, आता हत्यार माणसाच्या मापात बसते. शिपायाच्या अंगाकडे पाहायला फौजांना इतका वेळ लागला, कारण शिपाई बदलणे दस्ता बदलण्यापेक्षा स्वस्त होते.

वाड्यासमोरून निघालो तेव्हा ऊन कलले होते. शाळेतून परतणारी एक मुलगी मोठ्या भावाची सायकल चालवत चालली होती. सीट उंच, पाय पेडलला जेमतेम टेकत होते. चौफुलीवरच्या पंक्चरवाल्याने तिला हाक मारून थांबवले, पान्याने नट सैल केला, सीट चार बोटे खाली घेतली आणि पुन्हा आवळून दिली. पैसे घेतले नाहीत. ती ऐटीत निघून गेली. मी उगाच उजव्या दंडावरून हात फिरवला आणि नाशिकची एसटी पकडली.