कोरपना : मोगलाईतला कोपरा

कोरपन्याला ताडोबा नाही. चंद्रपूर जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाघ आठवतो, आणि तो वाघ वर्धा नदीच्या पलीकडे आहे. आमच्याकडे कापूस, चुनखडी, सिमेंटचे कारखाने आणि सरहद्दी. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात पुण्याहून मामेबहीण आली आणि म्हणाली, "दादा, इथं बघायला काय आहे?" तेव्हा मी तिला सरहद्दीच दाखवायचं ठरवलं.

जागा समजून घेतली की अर्धा इतिहास कळतो. उत्तरेला पैनगंगा आणि तिच्या पल्याड यवतमाळ जिल्ह्यातली वणी. पूर्वेला राजुरा, मग वर्धा नदी, मग बल्लारपूर. दक्षिणेला माणिकगडचा डोंगर. पश्चिमेला आदिलाबाद, म्हणजे आताचा तेलंगणा. इंग्रजांच्या काळात पैनगंगेच्या पल्याड वऱ्हाड होतं आणि वर्धेच्या पल्याड मध्य प्रांत. दोन्हीकडे इंग्रजी अंमल. मधला हा कोपरा मात्र हैदराबादच्या निजामाचा, आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका. वऱ्हाडातले जुने लोक अशा मुलखाला 'मोगलाई' म्हणायचे. नदीच्या दोन्ही काठांवर भाषा तीच, पीक तेच, सोयरीकही होते, पण मुलगी मोगलाईत द्यायची म्हणजे परराज्यात द्यायची.

परराज्य हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. निजामाचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. इंग्रजी सहा रुपयांना साधारण सात हाली पडायचे. माल सरहद्दीवर आला की करोडगिरी, म्हणजे जकात. सरकारी कामकाज उर्दूत आणि सरकारी वर्ष फसली. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतं. आमच्या घरी आजोबांच्या वेळचा जमिनीचा एक कागद आहे. तो उर्दूत आहे आणि आज घरात कुणालाही वाचता येत नाही. आजोबांनाही येत नव्हता. आपल्याच वावराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि तो सांगेल ते खरं मानायचं, अशी ती पद्धत. बहिणीने त्याचा फोटो काढून मोबाइलच्या भाषांतराच्या अॅपला दिला. अॅपने हात टेकले. ते घाईतलं हस्ताक्षर वाचणं माझ्या धंद्यातल्या लोकांनाही अजून नीट जमलेलं नाही.

मग तारखांचा प्रश्न येतो. १५ ऑगस्ट १९४७ ला वणीत आणि चांद्यात झेंडावंदन झालं. राजुरा, कोरपना तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. म्हणजे नदी ओलांडून तेरा महिने उशिरा. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. राजुरा तालुका तेवढा त्यातून काढून मुंबई राज्यातल्या नांदेड जिल्ह्याला जोडला. १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्यात आला. राजुऱ्यातून कोरपना आणि जिवती हे तालुके पुढे वेगळे झाले.

या तीन वर्षांतल्या दोन बदल्यांनी एक विचित्र गोष्ट केली. निजामाच्या राज्यातला मराठी मुलूख म्हटलं की आज फक्त मराठवाडा डोळ्यांसमोर येतो. १७ सप्टेंबर हा 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. राजुऱ्यातही त्या दिवशी कार्यक्रम होतात, पण आम्ही मराठवाड्यात नाही. आणि विदर्भाचा इतिहास सांगणारे भोसले, वऱ्हाड, मध्य प्रांत सांगतात. त्यात आम्ही तेव्हा नव्हतो. तालुका कागदावर नव्या जिल्ह्यात गेला, त्याचा भूतकाळ जुन्याच जिल्ह्यात राहिला. बहिणीचं शिक्षण पुण्यात चांगल्या शाळेत झालं आणि तिने यातलं काही ऐकलं नव्हतं. माझी शाळा इथलीच, तरी मला हे पुस्तकातून कळलं नाही, घरातल्या म्हाताऱ्यांकडून कळलं.

गडचांदूरहून जिवतीकडे निघालो की अमलनाल्याचं धरण आणि त्यावर माणिकगड. हा किल्ला नागवंशी राजांनी बांधला असं परंपरा सांगते, नाव माणिक्यादेवीवरून पडलं म्हणतात. पुढे तो गोंड राजांकडे आला. तटाचे दगड झाडांच्या मुळांनी उचकटलेत. वर उभं राहून दक्षिणेला पाहिलं की डोंगरांमागे डोंगर दिसतात, आणि त्या बाजूला जोडेघाट आहे. तिथे १९४० मध्ये कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जंगल आणि जमीन हाच त्याचा झगडा होता. त्यानंतर सरकारला जाग आली आणि ऑस्ट्रियात जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ याला या गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं. तो मारलवाई गावात राहिला, गोंडी शिक्षक तयार करण्याचं काम तिथे सुरू झालं, जमिनींचं वाटपही झालं. गोळ्या आधी, अभ्यास नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. 'आरआरआर' सिनेमातला भीम तो हाच, हे ऐकून बहीण पहिल्यांदा मोबाइल खिशात ठेवून ऐकायला लागली. सिनेमातली गोष्ट काल्पनिक आहे, हे मी लगेच सांगून टाकलं.

उतरताना सिमेंटच्या चिमण्या दिसतात. आवारपूर, उपरवाही, नारंडा, गडचांदूर. एवढे कारखाने एका पट्ट्यात का, तर खाली चुनखडी आहे, आणि ती आहे कारण अब्जभर वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. भूशास्त्रात या थरांना पैनगंगेचंच नाव आहे. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी इमारतींत तो समुद्रतळ गेला असेल. आमच्या वाट्याला धूळ आणि नोकऱ्या, दोन्ही आल्या.

शेवटी जिवतीच्या पुढची चौदा गावं. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, लेंडीजाळा, अंतापूर आणि बाकीची. १९५६ ची रेघ इथे नीट ओढलीच गेली नाही. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतो आमची. वाद न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही राज्यांच्या ग्रामपंचायती, दोन्हीकडच्या शाळा, घरात दोन रेशनकार्डं, दोन्ही मतदारयाद्यांत नाव. आमच्या कामात एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या तर एक उडवतो. इथे कुठली उडवायची हे जवळपास सत्तर वर्षांत कुणाला ठरवता आलेलं नाही. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला होतं आणि आदिलाबादचं १३ मेला.

बाहेरच्यांना याची गंमत वाटते. बहिणीलाही वाटली. "म्हणजे सगळं डबल!" मग तिने परमडोलीत चहाच्या टपरीवर एका काकांना विचारलं की जमिनीचा सातबारा कुठल्या राज्याचा. डोंगरावरचे बरेच लोक १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जगायला इथे आले, जंगल साफ करून वावरं केली. काकाही त्यातलेच. त्यांनी हाताने नाही म्हटलं. रेशन दोघंही देतात, पट्टा कुणीच देत नाही, एवढंच म्हणाले आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.